पाणीवालीचा डावा हात

“आत्याबाई, मन्हा डोया उघडतस नही,” सून म्हणाली. सकाळचे आठ वाजले होते. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ढकलत होती. बोट काढलं की पापणी खाली यायची. मी समोर उभी होते. कडुनिंबाची डहाळी अजून ओट्यावर पडलेली होती.

त्या डहाळीचा पाला मी तिला दीड तासापूर्वी चावायला दिला होता.

झालं असं. पावसाळ्याचे दिवस, उकाडा, म्हणून ती खाली चटई टाकून झोपायची. उठल्यावर म्हणाली, कानामागे मुंगी चावली. मी बघितलं. सूज नाही, रक्त नाही. सूर्य वर आला तशी तिच्या पोटात कळ आली आणि तिने उलटी केली. तेव्हा मला शंका आली. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. पान लागलं की नाही हे बघायला कडुनिंबाचा पाला खायला देतात. कडू लागला तर विष नाही. कडू लागला नाही तर विष आहे. माझी सासू असंच बघायची. मी तिच्याकडून शिकले आणि पुढे कधी कुणाला विचारलं नाही.

“कडू लागस का वं?”

“लागस.”

“बराबर लागस ना?”

“आत्याबाई, कडू ते कडूच शे. थुकी देऊ?”

थुंक म्हणाले. वर एक मिरची दिली, तीही तिखट लागली. मी निर्धास्त झाले. रात्री उपाशी झोपली, पित्त झालं असेल म्हणून तिला आडवं केलं, चहा ठेवला, भांडी घासली, अंगण झाडलं. त्या दीड तासात मी काय काय केलं ते मला क्रमाने आठवतं.

पापण्या पडायला लागल्या तेव्हा कुठे शेजाऱ्याच्या पपई वाहायच्या गाडीत तिला घातलं. गाडीत तिला थुंकी गिळता येईना. बोलायला लागली तर शब्द नाकातून यायचे आणि अर्धे राहायचे. मान एका बाजूला पडायची, म्हणून मी तिची हनुवटी हातात धरून ठेवली. आमच्या कोरीटहून नंदुरबारला पोचायला फार वेळ लागत नाही. जो वेळ लागायचा तो मी घरीच घालवला होता.

दवाखान्यात डॉक्टरणीने विचारलं, “कधी चावलं?”

मी म्हणाले, “आत्ताच.”

ती पंचविशीतली मुलगी होती. तिने सुनेच्या पापणीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. “आजी, मला खरी वेळ सांगा. औषध त्यावर ठरतं.”

मी पहाट सांगितली, पाला सांगितला, मिरची सांगितली. ती रागावली नाही. मण्यार आहे, म्हणाली, दात इतके बारीक की दिसत नाहीत आणि दुखतही नाही. जिभेला चव लागण्याचा आणि विषाचा काही संबंध नसतो. एवढं सांगून ती कामाला लागली. थोड्या वेळाने सुनेची छाती हलायची थांबली आणि तिच्या घशात नळी घालून मशीन लावलं.

आता सून कोण ते सांगते. माझा मुलगा सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येतो. घरात आम्ही दोघीच. तिने चित्रकला शिकवायचा कोर्स केला होता, नोकरी कुठे लागली नाही. मग ती घरी बसून चित्रं काढायला लागली. पाटीसारखं काचेचं एक यंत्र असतं, त्यावर लेखणीसारख्या पेनाने. मला त्यात काही वाटायचं नाही. दिवसभर मान खाली, पोळी करपली तरी पत्ता नाही. मी तिला बोलायचे, ती हसायची. एवढंच आमचं चालायचं.

ती चित्रं एका गोष्टीची होती. फोनवर दर आठवड्याला एक भाग निघायचा. माणसं एका लाल ग्रहावर राहायला गेली आहेत, काचेच्या घुमटात गाव वसवलं आहे, बाहेर हवा नाही. गोष्टीची नायिका एक पोरगी, ती यान चालवते. हे सगळं तिघं मिळून काढायचे. गोष्ट लिहायची आणि रंग भरायचा पुण्याच्या एका मुलीने. माणसं काढायची माझ्या सुनेने. डोंगर, घरं, गर्दी काढायची शहाद्याच्या एका पेंटरने. हा पेंटर पन्नाशीचा, आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि ट्रकवर देव रंगवलेला. पाट्या छापून यायला लागल्यावर तो पोटासाठी यंत्रावर शिकला.

त्या घुमटातल्या गावात पाणी सोडणारं कुणीतरी लागायचं. पहिल्यांदा तो नुसता लोखंडी खांब होता, वर एक लाल दिवा. मग पुण्याची म्हणाली, पोरगी पाणी मागते तर समोर कुणी उभं असावं. म्हणून खांबाला दोन पाय आले. ते पिठाच्या गिरणीला पाय फुटल्यासारखं दिसायचं. दोन-तीन भाग तेच चाललं. नंतर एके दिवशी सुनेने ते पुसलं आणि तिथे एक म्हातारी काढली.

मी ते चहा द्यायला गेले तेव्हा बघितलं. म्हातारीच्या डोक्यावर काचेचा गोल होता. हातात कमरेइतकी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली.

माझा नवरा गावाच्या पाण्याचा व्हॉल्व सोडायचा. तो वारला त्यानंतर अकरा वर्षं ते काम मी केलं. तशीच चावी, तसाच दांडा. मी डावखुरी आहे, सगळा जोर डाव्या हाताचा. तो खांदा खाली गेला तो गेलाच.

मी विचारलं, “ही मी शे का?”

“नही वं आत्याबाई. ती दुसऱ्या ग्रहवरनी शे.”

“तठे बी एकच तास पाणी येस का?”

ती इतकी हसली की पेन खाली पडलं. मी चहा ठेवून बाहेर आले. मला राग आला होता का, ते आज सांगता येत नाही. बाईचं चित्र न विचारता काढू नये, एवढं मात्र तेव्हा वाटलं.

नायिकेचा एक पक्का कागद होता. पुढून, बाजूने, मागून, कशी दिसते ते त्यावर काढलेलं. कुणीही काढलं तरी त्या कागदावरून काढायचं. तो सुनेने छापून भिंतीला लावला होता. त्या म्हातारीला ते पाणीवाली म्हणायचे, तिला मात्र असा कागद नव्हता. ती किरकोळ, एका भागात एखाद्या चौकटीत यायची, म्हणून तिला तिघांपैकी कुणीही काढायचं. त्यामुळे ज्याला तिला काढायची वेळ यायची, तो आधीच्या माणसाने काढलेली बघायचा आणि तशी काढायचा. सुनेची बघून पेंटरने काढली. पेंटरची बघून पुण्याच्या मुलीने काढली. तिची बघून पुन्हा पेंटरने. दर वेळी थोडं थोडं जायचं.

पेंटरने पहिल्याच वेळी चावी उजव्या हातात दिली. त्याने आयुष्यभर देव रंगवले, देवाचं मुख्य शस्त्र तो उजव्याच हातात द्यायचा. त्याचा हात तिकडे आपोआप गेला. खांदाही त्याने सरळ केला, कारण वाकड्या खांद्याचा देव कुणी ट्रकवर काढून घेत नाही. मग पुण्याच्या मुलीने पदर घेतला आणि काचेच्या गोलाबाहेर उडता सोडला. जिथे हवाच नाही तिथे पदर उडत होता. माझ्या हातावर गोंदण आहे, ठिपक्यांच्या दोन ओळी आणि विंचू. सुनेने ते काढलं होतं, पुण्याच्या मुलीने त्या ठिपक्यांचे दिवे केले. पेंटरने ते बघून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढून टाकल्या, उजेडात त्या बऱ्या दिसेनात. तीन-चार महिन्यांत ती चांगली ताठ, गोरी, तिशीतली बाई झाली. सून ते बघून जेवली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच ठरलं की पाणीवाली मरणार. गावाचा मोठा व्हॉल्व फुटतो, तो बाहेरच्या बाजूने बंद करावा लागतो, ती बाहेर जाऊन बंद करते आणि दार लागतं. त्या भागात तिच्या नऊ चौकटी होत्या. साप चावला त्याच आठवड्यात सुनेला त्या काढायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी ती फोनवर त्या दोघांशी भांडत होती. ते म्हणत होते, इतक्या दिवसांत लोकांनी हिला उजव्या हाताची बघितलं आहे, आता बदललं तर चूक वाटेल. ही म्हणत होती, मरताना तरी तिचा हात तिचा असू द्या.

फोन ठेवल्यावर मी तिला म्हणाले, “एवढं काय त्यात. कुठल्याही हातात दे आणि जेवायला बस.”

ती जेवली नाही. चटई टाकून आडवी झाली. साप चावण्याआधी माझं तिच्याशी झालेलं ते शेवटचं धड बोलणं. पुढे पाल्याचं झालं, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

दवाखान्यात मशीन लावलेल्या खोलीत दिवसातून दोनदा एकेका माणसाला सोडायचे. बाकीचा वेळ बाहेर बाकावर. माझ्या शेजारी धानोऱ्याची एक बाई बसायची. तिच्या नवऱ्याला त्याच दिवशी मण्यार चावली होती, कांद्याच्या चाळीत. तो सुनेच्या शेजारच्या खाटेवर होता, तसाच नळी लावलेला.

तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही पाला दिधा का?”

“दिधा.”

“आम्ही बी.” तिने डबा उघडला. “तुमनाले कडू लागना?”

“लागना.”

“आमनाले बी लागना,” ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही. ती डब्यातली भाकरी अर्धी मला द्यायची, मी घ्यायचे.

मी आत जायचे तेव्हा सून मेलेल्या माणसासारखी असायची. सारखी म्हणत नाही, तशीच. पापण्या डॉक्टरणीने चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, डोळे सुकू नयेत म्हणून. पट्टी काढून बॅटरी मारली तर बाहुली हलायची नाही. मी बघितलं आहे. चिमटा घेतला तरी काही नाही. फक्त मशीन भरायचं आणि सोडायचं, तशी छाती वर-खाली. डॉक्टरण म्हणाली, “मण्यारीच्या विषाने असं होतं. शरीर हलत नाही, पण आत माणूस असू शकतो. ऐकू येत असेल असं समजून बोला.”

असू शकतो. येत असेल. मी चौथी शिकले आहे, पण एवढं मराठी मला कळतं.

बोला म्हणाली, पण काय बोलणार. पहिल्या दिवशी मी उभी राहून परत आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, म्हशीने दूध दिलं. पाल्याचं तोंडावर येत होतं, ते बोलले नाही.

सुनेचा फोन माझ्याकडे होता. तो उघडायला काचेवर कुदळीसारखी आकृती काढावी लागते, ते मी रोज बघत आले होते. त्या फोनवर पुण्याची मुलगी आणि पेंटर चित्रं पाठवत होते. सुनेचा भाग दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून दोघांनी ठरवलं होतं की नऊ चौकटी आपणच काढायच्या, तिच्या नावाने. पुण्याच्या मुलीने बोलून पाठवलं होतं: “आजी, ताई उठल्यावर तिला दाखवा. तिच्या मनासारखं नसेल तर बदलू.” उठल्यावर, असं ती ठामपणे म्हणाली होती. ती पुण्यात होती, तिने बाहुली बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धानोऱ्याचा माणूस गेला. काळीज बंद पडलं. त्याची बायको रडली नाही. तिने डबा पिशवीत घातला, मला म्हणाली, “येस वं माय,” आणि ते त्याला घेऊन गेले.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरणीने बोलावलं म्हणून माझा मुलगा आणि माझा दीर एकदम आत जाऊन आले. दीर म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, गावात त्याच्या शब्दाला मान आहे. वाईट माणूस नाही. तो सुनेच्या खाटेशी उभा राहूनच बोलला होता, बाहेर येऊन तेच पुन्हा मला म्हणाला.

“वहिनी, ती गयी. मशीन सांस ली ऱ्हायनं. घर लई चाला.”

“डॉक्टरीन थांबा सांगस.”

“डॉक्टरीन त्याले बी थांबा सांगे ना? काय व्हयनं?”

 सुरतहून आल्यापासून मुलगा जेवला नव्हता. तो माझ्याकडे बघायचा. मीही त्याच्याकडे बघायचे. डॉक्टरण म्हणाली होती, घरच्यांनी लिहून दिलं तर आम्ही अडवू शकत नाही, पण माझं ऐकाल तर देऊ नका. दीर म्हणाला, तिला घरी, आपल्या माणसांत तरी जाऊ द्या. मला त्याचं खरं वाटत होतं. हे मी लपवत नाही. तीन दिवस मी तिला बघत होते आणि मला तिथे कुणीही दिसत नव्हतं. शिवाय मशीन बंद केलं तर सगळं माझ्या पाल्यावर येऊन थांबणार होतं, आणि ते एकदाचं थांबावं असंही वाटत होतं.

मी म्हणाले, संध्याकाळच्या वेळेला मी आत जाऊन येते, मग सही करते.

आत जायच्या आधी मी फोन उघडला. फोन आत नेऊ देत नव्हते, म्हणून जे सांगायचं ते बाहेर बघून जावं लागायचं. पेंटरने पहिली चौकट पाठवली होती. पाणीवाली दाराकडे चालली आहे, पाठमोरी. मी ती नीट बघून घेतली. मला दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

खाटेशी उभी राहिले. माफी मागायला गेले होते, असं लोकांना वाटेल. तसं काही झालं नाही. मी सांगायला लागले: “तुन्ही पाणीवाली आली शे फोनवर. त्या पेंटरनी काढी. पाठमोरी शे. पदर बाहेर उडी ऱ्हायना. चावी उजवा हातमा शे.”

चादरीबाहेर तिचे पाय होते. डाव्या पायाचा अंगठा हलला.

फार नाही, नखाएवढा. मला वाटलं माझे डोळे. मी नर्सला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, “आजी, असं स्नायू उडतात कधीकधी.”

“थांब,” मी म्हणाले. मग सुनेच्या कानाशी गेले. “चावी डावा हातमा शे.” अंगठा शांत. मी मनात वीसपर्यंत मोजलं. “नही, चुकनू. उजवा हातमा शे.”

अंगठा हलला.

“परत म्हणा,” नर्स म्हणाली. मी परत म्हणाले. परत हलला. नर्स पळत गेली आणि डॉक्टरणीला घेऊन आली. डॉक्टरणीने सुनेच्या तळव्याखाली हात ठेवला. म्हणाली, “ताई, मी म्हणते ते ऐकू येत असेल तर अंगठा दोनदा हलवा.” आम्ही तिघी त्या अंगठ्याकडे बघत होतो. खूप वेळ लागला. एकदा हलला. मग दुसऱ्यांदा.

बाहेर येऊन मी दिराला सांगितलं, सही करत नाही. तो म्हणाला, “वहिनी, मन भुली जास.” मी म्हणाले, “आत जाऊन तिला तुझ्या तोंडाने सांग की ती मेली आहे. ती ऐकते आहे. तीन दिवस ऐकते आहे.” तो आत गेला नाही. माझ्या मुलासाठी चहा आणायला गेला.

मला त्या रात्री आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला भीती वाटली. ती आत आहे, म्हणजे डॉक्टरणीला मी आधी खोटी वेळ आणि मग पाल्याचं सांगितलं, तेही तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेंटर शहाद्याहून आला. लांब हाताचा सदरा, खिशाला तीन पेनं. पाया पडला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“काय बघस?”

“मावशी, ही तर तुम्ही शेतस,” तो म्हणाला. “मले वाटे तिनी मनमाथीन काढी.”

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सुनेने लपवलं, मी बोलले नाही, आणि तो बिचारा हवेतल्या बाईला सरळ करत बसला होता. त्याने दवाखान्याचा एक कोरा फॉर्म मागून घेतला, मला बाकावर बसवलं आणि पेनाने काढायला लागला. पुढून काढलं. बाजूने काढलं. मग म्हणाला, “मावशी, मांगे फिरा.”

“मांगथीन कसाले? मांगे काय शे?”

“मांगेच ते शे सगळं,” तो म्हणाला. माझ्या पाठीमागे पेनाचा आवाज येत राहिला. “हाऊ खांदा मी सरळ करी टाका होता.”

“देवले सरळ कर. मले कसाले करस?”

 मग त्याने चावी कशी धरायचे ते विचारलं. मी उभी राहून दाखवलं, बाकाशेजारच्या सलाईनच्या रिकाम्या स्टँडवर. डावा हात वर, उजवा खाली नुसता टेकायला, डावा पाय पुढे. व्हॉल्व घट्ट असला की पाणी तोंडावर उडतं, म्हणून पदर कानावरून ओढून हनुवटीखाली गाठ. येणारे-जाणारे बघत होते. मी सत्तरीची बाई, दवाखान्यात नळ सोडण्याचं सोंग करत होते, आणि आत सुनेच्या घशात नळी होती.

संध्याकाळी मी एकेक गोष्ट विचारत गेले. आता हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा, असं डॉक्टरणीने ठरवून दिलं होतं. चावी डाव्या हातात? एकदा. खांदा खाली? एकदा. पदर काचेच्या आत, गाठ मारून? एकदा. सुरकुत्या? एकदा, लगेच. मग मी विचारलं, गोंदणाचे दिवे काढून टाकायचे ना? मला खात्री होती. अंगठा हलला, थांबला, पुन्हा हलला. दिवे तिला हवे होते. मी पुन्हा विचारलं, तरी तेच. एवढं एक त्या पुण्याच्या मुलीचं तिने ठेवून घेतलं. तसं का, ते मला आजही नीट कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, अंधारात जायचं होतं ना तिला.

पेंटरचा तो फॉर्म पाणीवालीचा कागद झाला. पुढून, बाजूने, मागून. खाली कोपऱ्यात छापलेलं आहे: रुग्णाचे नाव, वय, वॉर्ड. ते त्याने पुसलं नाही.

नळी सातव्या दिवशी काढली. त्याआधी दोन वेळा काढायचा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा ती निळी पडली, म्हणून पुन्हा घातली. ते मी सांगत बसत नाही. नळी निघाल्यावर तिचा आवाज भांडं घासल्यासारखा यायचा. पहिल्या दिवशी ती नुसतं पाणी म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, तिला सगळं ऐकू येत होतं. काकांचं ऐकलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला तेही ऐकलं. ओरडायचा प्रयत्न करायची, पण तोंड कुठे आहे तेच सापडायचं नाही. अंगठा त्या दिवशी पहिल्यांदा सापडला, आणि तोही रागाने.

मग म्हणाली, “पाल्याचंही ऐकलं. माझ्या आईनेही पालाच दिला असता.”

मी म्हणाले, “तुझी आई चुकली असती. पण दिला मी.”

  तिने हात पुढे केला, मला वाटलं माझा हात हवा आहे. तिला फोन हवा होता.

शेवटची चौकट तिने घरी येऊन स्वतः काढली. बोटं अजून कापत होती, एक रेघ तीन तीनदा पुसायची. पुण्याच्या मुलीने विचारलं होतं, आता पाणीवालीला जगवायचं का, आम्हाला दोघांनाही तसं वाटतं. सून नाही म्हणाली. दार लागलं तर ते लागलेलंच राहणार, मग उगीच कशाला. मला तिचं पटलं. चित्रात दार लागलेलं आहे, पाणीवाली बाहेर आहे, डाव्या हातात चावी, पदर आत गाठ मारलेला, हातावर ठिपक्यांचे दिवे लागलेले. व्हॉल्व बंद झाला आहे. लोकांनी फोनवर पुष्कळ लिहिलं म्हणे की ही इतकी म्हातारी कधीपासून झाली.

कडुनिंब आमच्या दारात होता, अजून आहे. सावली चांगली आहे म्हणून मी तोडू दिला नाही. सून आता खाटेवर झोपते, मच्छरदाणी गादीखाली खोचून. कुणाला पोटात कळ आली तर मी गाडी बोलावते आणि चव कुणाला विचारत नाही.

धानोऱ्याच्या बाईकडे मी एकदा जाऊन आले. तिने चहा दिला. सुनेचं विचारलं, मी बरी आहे म्हणाले. तिथे एवढंच बोलता आलं.

त्या आठवड्यात त्या खोलीत मण्यार चावलेली दोन माणसं होती. धानोऱ्याचा माणूस गेला. माझी सून जगली.